सहावा हार

२६ फेब्रुवारी १९९५, रविवार

सांडू पेंटरने आज सहावी आणि शेवटची तसबीर आणून दिली. सांडू एरवी खत-बियाणांच्या दुकानांच्या पाट्या रंगवतो, त्यामुळे त्याच्या हातून माणूस उतरला तरी तो थोडा कापसाच्या जाहिरातीतला वाटतो. रामन यांचा फेटा त्याने थेट इकडच्या पाटलासारखा बांधलाय. मेघनाद साहांचा चष्मा एका बाजूला कललाय. दोन्ही बोस आणि भाभा बरे जमलेत. ताऱ्यांचं गणित मांडणारे चंद्रशेखर मात्र हुबेहूब! रुंद कपाळ, शांत डोळे, अंगात कोट. मी तसबीर टेबलाला टेकवून बराच वेळ बघत बसलो, तेव्हा सांडू म्हणाला, "सर, हे तुमच्या सोयऱ्यातले हायेत का?"

परवा राष्ट्रीय विज्ञान दिन. कुंभार पिंपळगावच्या या शाळेत तो कधी झाला नव्हता, ही माझीच हौस. पोरं एकेका शास्त्रज्ञावर बोलणार आणि तसबिरी कायमच्या हॉलमध्ये लागणार. मुख्याध्यापक अण्णासाहेब घाबरट पण भला माणूस. म्हणाले, "करा काय करायचं ते, फक्त काकासाहेबांना अध्यक्ष करा." काकासाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्या शब्दाबाहेर गावात पान हलत नाही. माझी दोन वर्षांची परिवीक्षा येत्या जूनमध्ये संपते. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, तेही त्यांच्याच हातात.

मी टेंभुर्णीकडचा, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. दादांनी, म्हणजे वडलांनी, जन्मभर मेंढरं राखली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, तीही भौतिकशास्त्रातली. प्रभावतीला सातवा महिना लागलाय. नारळ परवडणार नाही.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण उद्यापासून लोक काहीही सांगतील.

कचरू शिपायाला मी दोनदा बजावलं होतं की हार पाचच आण. त्याने सहा आणले. "फोटो सहा, हार सहा," म्हणे. मी त्याला समजावलं की सहावे गृहस्थ हयात आहेत, अमेरिकेत आहेत, त्यांना हार नाही, फक्त गुलाबाचं फूल. सहावा हार टेबलाखाली ठेवायला लावला.

काकासाहेब वेळेवर आले. सोबत त्यांच्या पत्नी दुर्गाबाई. त्या कधी शाळेत येत नाहीत, आज का आल्या कोण जाणे. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मी माईकवर एकेकाची माहिती सांगत होतो आणि काकासाहेब हार घालत पुढे सरकत होते. पाच झाले. सहाव्यापाशी त्यांनी सवयीने हात मागे केला, कचरूने सवयीने टेबलाखालचा हार त्या हातात दिला, आणि चंद्रशेखरांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी माईक सोडून पुढे गेलो. हसत हसतच म्हणालो, "साहेब, हे जिवंत आहेत. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नसतात." आणि हार काढून टेबलावर ठेवला. वाटलं, लोक हसतील, साहेबही हसतील, वेळ निभावेल.

कुणीच हसलं नाही.  मास्तर मंडळी पायाकडे बघायला लागली. दुर्गाबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या, एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या काढून ठेवलेल्या हाराकडे पाहिलं, आणि पुन्हा बसल्या. काकासाहेबांचा चेहरा लाल होईल असं मला वाटलं होतं, तो राखेसारखा पांढरा झाला. भाषण न करता ते शेवटपर्यंत बसले आणि चहा न घेता निघून गेले.

मोठ्या माणसाची कातडी इतकी पातळ असावी! एक हार काढला म्हणून? मी चूक केलेली नाही. चंद्रशेखर जिवंत आहेत, हे काही माझं मत नव्हे.

२ मार्च, गुरुवार

स्टाफरूममध्ये मी गेलो की बोलणं थांबतं. अण्णासाहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं. "सर, माफी मागून टाका."

"कशाची?"

"ते विचारू नका. मागून टाका. तुम्ही बाहेरचे, तुम्हाला काय माहीत?"

बाहेरचे! दोन वर्षं झाली तरी मी बाहेरचाच. मी पारावर बसत नाही, गावगप्पा करत नाही, सवड मिळेल त्या शनिवारी शाळा सुटली की एस.टी. पकडून टेंभुर्णीला जातो, हा माझा गुन्हा. म्हणालो, विचार करतो.

चंद्रशेखर चोवीस वर्षांचे होते तेव्हा लंडनच्या भर सभेत त्यांनी, विझलेला जड तारा कोसळत जातो, हे आपलं गणित मांडलं. लगेच मागून एडिंग्टन उठले, त्या काळातले सगळ्यात मोठे खगोलशास्त्रज्ञ. म्हणाले, ताऱ्याला असा वेडेपणा करू न देणारा काहीतरी नियम निसर्गात असलाच पाहिजे. सभा हसली. आणि बरोबर होते चंद्रशेखर. नोबेल मिळायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली, पण मिळालं. मी कोणी चंद्रशेखर नव्हे हे मला कळतं, पण काकासाहेबांना एडिंग्टन म्हणायला हरकत नाही.

५ मार्च, रविवार

प्रभावतीने हट्ट धरला म्हणून काकासाहेबांच्या घरी गेलो. माफी मागायला नाही, खुलासा करायला.

साहेब मळ्यात गेले होते. बैठकीत बसलो. समोर भिंतीवर त्यांच्या वडलांचा आणि आजोबांचा फोटो, दोन्हींना चंदनाचे हार. मध्ये एका तरुणाचा फोटो, कुरळे केस, मोठ्या कॉलरचा शर्ट. त्याला हार नव्हता, पण फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यात झेंडूची एक वाळकी पाकळी अडकलेली होती आणि खिळ्याला दोऱ्याचं टोक लोंबत होतं. एवढ्या मोठ्या घरात कुणी झाडपूस करत नाही का, असं मनात आलं. तो थोरला मुलगा सर्जेराव असणार. तो बाहेर असतो एवढं ऐकून आहे. मुंबईला वगैरे असेल.

दुर्गाबाईंनी स्वतः चहा आणला आणि समोर खाली बसल्या. मला फार अवघडल्यासारखं झालं.

"मास्तर, त्यो तुमचा मानूस खरंच जिता हाय का?"

"चंद्रशेखर? हो काकू. शिकागोला असतात. लांब आहे, अमेरिकेत."

"पत्र येतं का त्याचं?"

मला हसू आलं. "मला कशाला येईल त्यांचं पत्र!"

"मंग जिता हाय हे तुम्हाला कसं ठावं?"

हा प्रश्न मला आवडला. विज्ञानाचा प्रश्न आहे. मी सांगितलं की एखादा माणूस वारला अशी खबर येत नाही तोवर तो आहे असंच धरून चालायचं असतं. पुरावा गेल्याचा लागतो, असल्याचा नाही. त्यांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलं. मग आत जाऊन वाटीभर शेवयांची खीर आणली आणि मी खाईपर्यंत हलल्या नाहीत. नवरा जितका उग्र तितकी ही बाई मायाळू.

साहेब काही भेटले नाहीत. निघताना ओट्यावर दिसले, पण पाठ करून उभे होते.

१८ मार्च, शनिवार

कचरूच्या हाती काकासाहेबांच्या घरून डबा आला. धपाटे आणि लोणी. नवऱ्याने पाडायचं आणि बायकोने सावरायचं, असं काही घरातलं राजकारण असावं. धपाटे उत्तम होते.

२ मे, मंगळवार

सुट्टी. प्रभावती माहेरी आहे. मी दोन दिवस इकडे पेपर तपासायला आलोय. आज अक्षय तृतीया. दुपारी कचरू येऊन बसला आणि आपणहून म्हणाला, "साहेबाच्या घरी आज घागर भरायची राह्यली. भटजी बसले व्हते, पाट मांडल्ता, बाई उठून आत गेल्या. साहेब तसेच उपाशी मळ्यात गेले."

पितरांची घागर. कुणाच्या घरी भरली आणि कुणाच्या राहिली, मला काय त्याचं! मी सातवीचे पेपर पुढे ओढले. कचरू थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी बोलेल असं वाटलं, मग "येतो सर" म्हणून उठला.

९ मे, मंगळवार

मुलगी झाली. दोघी सुखरूप. दादा म्हणाले, डोळे माझ्या आईसारखे आहेत. आज बाकी काही लिहीत नाही.

१२ जून, सोमवार

शाळा उघडली. सगळ्यांना वाटलं होतं तेच झालं. माझी ऑर्डर आलेली नाही. त्याऐवजी तोंडी मुदतवाढ, तीही फक्त पंधरा ऑगस्टपर्यंत. अण्णासाहेबांनी घाम पुसत अट सांगितली: पंधरा ऑगस्टला गावासमोर, मी माझ्या हाताने, चंद्रशेखरांच्या तसबिरीला हार घालायचा.

"अहो सर, पण ते जिवंत आहेत!"

"असू द्या ना. शिकागोला काय समजतंय?"

"आणि पोरांना मी काय सांगू? फेब्रुवारीत जिवंत होते, ऑगस्टमध्ये वारले?"

"काही सांगू नका. पोरं विचारत नसतात."

हे खरं आहे आणि तेच वाईट आहे. घरी येऊन कालच माहेरहून आलेल्या प्रभावतीला सांगितलं. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, वर न बघता म्हणाली, "फुलंच तर आहेत." तिचं काय चुकलं? तरी मी चिडलो आणि मग दिवसभर स्वतःवर चिडत राहिलो.

२४ जून, शनिवार

जाफराबादकडच्या एका शाळेत विज्ञानाची जागा आहे असं कळलं म्हणून गेलो. मुख्याध्यापकांनी पाणी दिलं, कागद पाहिले, चांगले आहेत म्हणाले. मग चष्मा काढून विचारलं, "हार काढणारे सर तुम्हीच का?"

म्हणजे तिथवर पोचलं. पोस्टाने पाठवलं असतं तरी एवढं नेमकं पोचलं नसतं. "आमच्याही अध्यक्षांना फोटोंची आवड आहे," असं म्हणून त्यांनी माझे कागद परत केले. एस.टी.त परत येताना वाटलं, आता इकडचंही दार बंद आणि तिकडचंही. 

२ जुलै, रविवार

काल दहावीला तारे शिकवले. अभ्यासक्रमात नाही, तरी शिकवले. तारा जळतो तोवर आतली उष्णता त्याला फुगवून धरते आणि त्याचं वजन त्याला आत दाबतं. इंधन संपलं की काय? चंद्रशेखर एकोणीस वर्षांचे असताना बोटीतून विलायतेला निघाले आणि वाटेत हे गणित करत बसले. उत्तर असं आलं की ठरावीक मर्यादेपेक्षा जड तारा विझला तरी त्याला शांतपणे थंड होऊन पडून राहता येत नाही. तो आपल्याच वजनाखाली कोसळत राहतो.

गोजरबाई नावाची एक मुलगी आहे, कधी बोलत नाही. तिने विचारलं, "सर, मग त्याला कुणी बाहेरून धरू शकत नाही का?" मी नाही म्हणालो. तिला वाईट वाटलेलं दिसलं.

२३ जुलै, रविवार

आज काकासाहेब माझ्या खोलीवर आले. एकटे, पायी, जीप न घेता. प्रभावतीने गडबडीने खाटेवर चादर टाकली. त्यांनी पाणी घेतलं, बाळाच्या हातावर पैसे ठेवले, आणि प्रभावती आत जाईपर्यंत गप्प बसले. एवढ्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हातारे झालेत.

"मास्तर, तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई ना?"

"काय साहेब?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम केल्तं. पाच महिने मी तसंच धरून चाललो. परवा कचरू म्हणला, सरांना बिलकुल ठावं न्हाई. मंग म्हणलं, आपुनच जावं."

आणि मग त्यांनी सांगितलं. ते जसं बोलले तसंच लिहितो, माझे शब्द घालत नाही.

"सर्जेराव बारावीला नापास झाला. मी त्याला चावडीपुढं, चार लोकांत, चपलेनं मारलं. त्याच सांजंला गेला. बारा वर्षं झाली. सुरत पाहिली, हैदराबाद पाहिलं, काही बाकी न्हाई ठिवलं. लोकांना म्हणलं, बाहेर असतो. लोक बी म्हणाले, बराबर, बाहेर असतो. आमची बाई रोज दोन्ही टाईम त्याचं ताट वाढायची. बारा वर्षं, मास्तर. वाढायची, झाकायची, दुसऱ्या दिशी गाईला घालायची. मी समोर बसून जेवायचो.

"शास्त्र बारा वर्षं वाट पाहा म्हणतं. तेवढी पाह्यली. या जानेवारीत गोदावरीवर गेल्तो. दर्भाचा पुतळा केला, अग्नी देला. घरी येऊन माझ्या हातानं फोटोला हार घातला. बाई महिनाभर बोलली न्हाई. मंग हळूहळू मानाया लागल्ती. ताट बंद केल्तं. चार माणसांत निघावं म्हणून मीच तिला तुमच्या कार्यक्रमाला घेऊन आल्तो. आन् तिथं तुम्ही माझ्या हातचा हार काढला, सगळ्या गावाच्या म्होरं. जिवंत माणसाला हार घालत नसतात म्हणले."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"घरी आली आन् चप्पल बी न काढता स्टुलावर चढली. हार काढला. म्हणली, मास्तर शिकलेला हाये, त्याला समजतं. त्या सांजंपासून ताट पुन्हा चालू."

मी म्हणालो, "साहेब, मला माहीत असतं तर..."

"ते सोडा. मला लई दिवस वाटायचं, यावा. आता वाटतं, येऊ नये. आला तर मी कोणत्या तोंडानं म्होरं जाऊ? मेला म्हणलं की माणूस रडून मोकळा होतो. मला रडायचंय, मास्तर, आन् ती मला रडू दिना." मग ते उठले. "तुम्ही काढला, तुम्हीच घाला. तुमचंच ऐकल ती."

जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ऑर्डरचा विषय ना त्यांनी काढला ना मी. दोघांच्याही डोक्यात होता.

त्या खिरीची वाटी दिवसभर डोळ्यांपुढून हलत नाही. पुरावा गेल्याचा लागतो, असल्याचा नाही. दोनदा म्हणून घेतलं होतं त्यांनी.

६ ऑगस्ट, रविवार

घालावा तर एका जिवंत, थोर माणसाला मी पोरांदेखत मेलेला ठरवतो. न घालावा तर एक म्हातारी आणखी बारा वर्षं ताट वाढेल, एक म्हातारा समोर बसून जेवेल, आणि मी बायको-मुलीला घेऊन टेंभुर्णीला मेंढरांमागे जाईन. घातला, तर तो कुणासाठी घातला हे मला कधीच कळणार नाही. दुर्गाबाईंसाठी की ऑर्डरसाठी? ऑर्डर मध्ये नसती तर सोपं झालं असतं. प्रभावतीला हे सांगितलं. ती म्हणाली, "दोन्हीसाठी घाला." बायकांना असं सरळ कसं बोलता येतं?

१५ ऑगस्ट, मंगळवार

घातला.

झेंडावंदन झाल्यावर सगळे हॉलमध्ये आले. दुर्गाबाई पहिल्या रांगेत होत्या. साहेबांनी आणल्या असणार. कचरूने ताटात एकच हार आणला. माईकवर मी काहीही बोललो नाही, पुढे गेलो आणि घातला. चंद्रशेखरांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं, तरी ते दिसलेच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हार पडला की टाळ्या वाजवायच्या, एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे. फक्त गोजरबाईने वाजवल्या नाहीत.

मी वळलो तेव्हा दुर्गाबाई माझ्याकडे बघत होत्या. रडत नव्हत्या. पदर सारखा केला, उठल्या आणि भिंतीच्या कडेने बाहेर गेल्या. साहेब त्यांच्यामागे गेले.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

ऑर्डर आली. मी कायम झालो. अण्णासाहेबांनी पेढे वाटले.

कचरू म्हणाला, काकासाहेबांच्या घरी फोटोला पुन्हा हार चढलाय. बाईंनी काही म्हटलं नाही. पंधरा तारखेला साहेब ओसरीवर बसून लहान पोरागत रडले, अख्ख्या गल्लीने ऐकलं. बाई आत भाकरी करत होत्या. ताट बंद आहे.

म्हणजे झालं ते चांगलंच झालं. मला बरं वाटायला पाहिजे.

२३ ऑगस्ट, बुधवार

दुपारच्या एस.टी.ने पेपर आला. कचरूने तो उघडून माझ्यासमोर धरला. "सर, हा आपल्या हॉलमधला मानूस हाये ना?"

फोटो होता. तेच कपाळ, तेच डोळे. सोमवारी शिकागोत निधन. वय चौऱ्याऐंशी. हृदयविकार.

आठवडाही झाला नव्हता.

हाराचा आणि हृदयाचा काहीही संबंध नाही. कुंभार पिंपळगावच्या झेंडूने शिकागोतलं हृदय थांबत नाही. मी जादूटोण्याविरुद्ध पोरांना दर वर्षी व्याख्यान देतो. हे सगळं मला माहीत आहे आणि तरी हात धुतले. पुन्हा धुतले.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

गावभर झालंय. किराणा दुकानदार रामराव तेल मापता मापता म्हणाला, "सर, आमच्या फोटोला कदी हात लावू नका बरं का." दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. एका बाईने मला बघून लेकराला कडेवर उचलून घेतलं.

दहावीत कुणी काही विचारलं नाही. मीच फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं, जन्म एकोणीसशे दहा, आणि पुढचं साल लिहिताना खडू मोडला.

२६ ऑगस्ट, शनिवार

शाळा सुटून गेली होती. मी हॉलमध्ये एकटाच वाळलेला हार काढावा की राहू द्यावा या विचारात उभा होतो. मागे बांगड्या वाजल्या. दुर्गाबाई. एकट्याच आल्या होत्या.

त्या तसबिरीसमोर उभ्या राहिल्या. "ह्योच ना?"

"होय काकू."

"गेला म्हनं."

"होय."

"तुम्ही हार घातला तवा गेल्ता, का मागनं गेला?"

मला कळलं त्या काय विचारत होत्या. मार्चमध्ये कळलं नव्हतं, आज लगेच कळलं. एक शब्द बोलायचा होता. 'आधीच' म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. साहेबांचं रडणं, सर्जेरावाचं बंद झालेलं ताट, माझी ऑर्डर. पेपर त्यांना वाचता येत नाही. कुणी खोडून काढायला येणार नव्हतं.

त्या वाट बघत होत्या. बारा वर्षांची सवय होती त्यांना.

"नंतर," मी म्हणालो. "नंतर गेले."

"म्हंजे हार घातला तवा जिता व्हता."

"होय."

"तिकडं जेवत-खात असंल. पोरास्नी शिकवत असंल. आन् हिकडं आपुन हार घालून बसलो. त्याला बिचाऱ्याला ठावं बी नसंल."

"नसेल, काकू."

त्यांनी मान हलवली. पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं, आणि मला ते बघवेना. तसबिरीतल्या माणसाला त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मला म्हणाल्या, "लेकीला घेऊन या घरी. दृष्ट काढते."

मी दारापर्यंत गेलो. त्या झपाझपा चालत होत्या, घाईत निघाल्यासारख्या.

२८ ऑगस्ट, सोमवार

कचरूने सांगितलं. हार उतरला. ताट पुन्हा चालू झालं. साहेब समोर बसून जेवले.

मला बोलावणं येईल म्हणून दिवसभर वाट पाहिली. आलं नाही. मी कायम झालोय, आता मला कुणी काढू शकत नाही. काढलं असतं तर बरं, असं आज पहिल्यांदा वाटलं.

२८ फेब्रुवारी १९९६, बुधवार

पुन्हा विज्ञान दिन. मला करायचा नव्हता. अण्णासाहेब म्हणाले, आता प्रथा पडली. कचरूने सहा हार आणले, या वेळी मी काही बजावलं नव्हतं. आता सहाही हार बरोबर होते.

अध्यक्ष काकासाहेबच. दुर्गाबाई पहिल्या रांगेत, मांडीवर माझी मुलगी. मी माईकवर नावं घेत गेलो. जगदीशचंद्र बोस. हार. रामन. हार. साहा. सत्येंद्रनाथ बोस. भाभा. साहेब एकेक पाऊल पुढे सरकत होते, वर्षभरात पाय ओढायला लागलेत. सहाव्यापाशी आले. मी म्हणालो, "सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. गेल्या वर्षी एकवीस ऑगस्टला त्यांचं निधन झालं." मुद्दाम सांगितलं, स्पष्ट आवाजात.

कचरूने हार दिला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि तसेच उभे राहिले.  त्यांनी मान वळवून पहिल्या रांगेकडे पाहिलं. दुर्गाबाई माझ्या मुलीच्या मुठीतून पदर सोडवत होत्या, त्यांचं लक्षही नव्हतं. साहेबांचे हात थोडे वर गेले, थांबले, खाली आले.

हार त्यांनी टेबलावर ठेवला. माझ्याजवळ येऊन, माईकला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "राहू द्या, मास्तर. पेपरवाल्याचा काय भरवसा?"

आणि जाऊन दुर्गाबाईंच्या शेजारी बसले.

पोरं टाळ्यांसाठी हात वर धरून थांबली होती. मी पहिल्या वक्त्याचं नाव पुकारलं.